सिंधूकाठचे पाषाण आणि पालवी

'वाळवंट' हा आपल्या भाषेतला एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. मराठी माणसाला वाळवंट म्हटले की प्रथम आठवते ते पंढरपूरच्या चंद्रभागेचे. नदीचे पाणी ओसरल्यावर जी वाळू उघडी पडते, तिला आपले पूर्वज वाळवंट म्हणत आले. मारवाडची मरुभूमी किंवा अरबस्तानातील वालुकामय प्रदेश या शब्दाच्या अर्थात मागाहून आले. चंद्रभागेचे वाळवंट पाण्याच्या अभावाविषयी काही सांगत नाही. येथून पाणी गेले आहे आणि ते पुन्हा येणार आहे, एवढेच ते सांगते. आज ज्या प्रदेशाविषयी मी बोलणार आहे, त्याला हा जुना अर्थच अधिक शोभतो. तो प्रदेश म्हणजे लडाखातील सिंधू नदीचे खोरे, आणि त्या खोऱ्यातून लेहपासून फोतु-ला या खिंडीपर्यंत जाणारा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता.

लेहहून श्रीनगरकडे जाणाऱ्या महामार्गाचा हा पूर्वेकडील भाग होय. मध्य आशियाशी चालणाऱ्या व्यापाराचे तांडे येथून शतकानुशतके ये-जा करीत. १९६० नंतरच्या वर्षांत संरक्षणाच्या गरजेतून येथे मोटारींचा रस्ता झाला आणि १९७४ मध्ये लडाख प्रवाशांना खुले झाले. आज उन्हाळ्याच्या दिवसांत या रस्त्यावर मोटारींची रीघ लागलेली असते. पण त्यांत बसलेल्या प्रवाशांपैकी बहुतेकांचा अभिप्राय ठरलेला असतो. "देखावा भव्य आहे खरा, पण येथे काहीच नाही!" डोंगर उघडे, दऱ्या उघड्या, झाड नाही, गवत नाही. काय पाहावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. या खोऱ्यातला दगड आणि या खोऱ्यातले झुडूप हे दोघेही पाण्याची हकीकत सांगतात. दगड सांगतो ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राची, आणि झुडूप सांगते ती कालच्या बर्फाची. ती वाचता आली म्हणजे या भूमीला ओसाड म्हणण्याचे धाडस होत नाही.

प्रथम हवामानाची कल्पना येणे जरूर आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी तेथे जे पाणी पडते ते जेमतेम १० सेंटिमीटर भरते. आपल्या महाबळेश्वराला एका पावसाळ्यात पाच मीटरहून अधिक पाऊस होतो. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावर आपला सारा भार उतरवून ठेवतात, आणि पलीकडे पोहोचतात तेव्हा त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे काही उरत नाही. हवा विरळ असल्याने ऊन प्रखर असते. एकाच वेळी उन्हात चटका बसतो आणि सावलीत हुडहुडी भरते. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. म्हणून शास्त्रज्ञ या प्रदेशाला थंड वाळवंट म्हणतात. येथील शेते, माणसे आणि झाडे जगतात ती आभाळातल्या पावसावर नव्हे, तर डोंगरमाथ्यावरचे बर्फ वितळून खाली येणाऱ्या ओढ्यांवर.

आता आपण लेहहून पश्चिमेकडे, म्हणजे सिंधूच्या प्रवाहाच्या दिशेने निघू. नदी आपल्या डाव्या हाताला, खाली आहे. उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, फिकट करड्या रंगाचे, गोलसर खांद्यांचे पर्वत दिसतात. त्यांत थर नाहीत, रेघा नाहीत. एकसंध कातळाच्या राशीच जणू. हा ग्रॅनाइट. जवळ जाऊन तुकडा हाती घेतला तर पांढऱ्या दाण्यांत काळे ठिपके विखुरलेले दिसतात. डाव्या हाताला, नदीपलीकडे, अगदी वेगळे दृश्य आहे. तेथले डोंगर थरांचे आहेत. वालुकाश्म, चिखलापासून झालेले खडक आणि गोटे जुळून तयार झालेला पिंडाश्म यांचे जांभळे, तांबूस, हिरवट पट्टे एकावर एक रचलेले आहेत, आणि हे पट्टे आडवे नसून तिरपे, कोठे कोठे तर सरळ उभे झाले आहेत. फडताळात रचलेली पुस्तके कोणी बाजूने जोराने रेटावी आणि ती उभी राहावी, तशी त्या थरांची गत झाली आहे.

एकाच नदीच्या दोन काठांवर दोन इतक्या भिन्न जातींचे पर्वत का असावेत? याचे उत्तर फार जुने आहे. एके काळी भारताचा भूखंड आणि आशियाचा भूखंड यांच्या दरम्यान टेथिस नावाचा महासागर होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि त्या महासागराचा तळ आशियाच्या कडेखाली खचत होता. खाली गेलेल्या त्या तळामुळे पृथ्वीच्या पोटात शिलारस निर्माण झाला, वर चढला आणि जमिनीखालीच थंड होऊन गोठला. उजव्या हाताचा ग्रॅनाइट तो हाच. त्याचा बराचसा भाग सुमारे सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पुढे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, मधला समुद्र आटला आणि दोन्ही भूखंड एकमेकांना भिडले. त्या काळात दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात आधी समुद्राचा आणि मग नद्यांचा जो गाळ साचला, तो डाव्या हाताचा रंगीत थर होय. सिंधू नेमकी या दोहोंच्या सांध्यातून वाहते. भूशास्त्रज्ञ या सांध्याला शिवण म्हणतात. दोन कापडांचे काठ जुळवून टाका घालावा, तशी ही दोन खंडांची शिवण आहे, आणि आपला रस्ता तिच्या कडेने जातो.

मराठी श्रोत्यांना या कथेत एक ओळखीचा दुवा सापडेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी ज्यात खोदली तो काळा कातळ, शेतांतली काळी माती, ही सारी त्याची निर्मिती. तो लाव्हा वाहिला तेव्हा भारताचा भूखंड अजून उत्तरेकडे वाटचाल करीत होता. लडाखातील गाठ पडावयाची होती. म्हणजे रायगडाचा कडा हा हिमालयाहून वडीलधारा आहे! आणि ती वाटचाल आजही संपलेली नाही. भारताचा भूखंड वर्षाला चारपाच सेंटिमीटर या वेगाने अजून उत्तरेकडे रेटा देतच आहे.

या डोंगरांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी जे आले, त्यांना तो स्वस्तात पडला नाही. टॉमस टॉमसन हा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ १८४७-४८ मध्ये लडाखात हिंडला आणि काराकोरम खिंडीपर्यंत जाऊन आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्डिनंड स्टोलिच्का हा शास्त्रज्ञ यारकंदच्या मोहिमेवरून परत येत असता १८७४ च्या जूनमध्ये वाटेतच मरण पावला. उंचीवरील विरळ हवेने त्याचा बळी घेतला. तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता. त्याची समाधी लेह येथे आहे.

लेहची घरे मागे पडली की रस्ता एका विस्तीर्ण पठारवजा उतारावरून धावतो. प्रथमदर्शनी येथे केवळ रेती आणि गोटे आहेत. वाहन थांबवून खाली उतरावे आणि दहा पावले चालावे, म्हणजे चित्र पालटते. गुडघ्याच्याही खाली राहिलेली, राखी रंगाची झुडपे ठराविक अंतरे राखून उभी आहेत. पान चुरगाळले तर उग्र, कडवट सुगंध येतो. ही आपल्याकडील दवण्याच्या कुळातली वनस्पती. तिच्या शेजारी लोकरीसारखी लव अंगावर घेतलेली दुसरी बुटकी झुडपे आहेत. लडाखी लोक अशा सरपणाच्या झुडपांना बुरत्से म्हणतात. त्यांचा राखी रंग हा निव्वळ रंग नाही. तो बारीक लवेचा थर आहे. ती लव प्रखर ऊन परतवते आणि पानातून पाणी उडून जाऊ देत नाही. झुडपे एकमेकांपासून अंतर राखून उभी आहेत, यालाही कारण आहे. जमिनीवर हातभर दिसणाऱ्या झुडपाच्या मुळांचा पसारा जमिनीखाली कितीतरी मोठा असतो. वर दिसणारी मोकळी जागा खाली भरलेली असते. शेजाऱ्याच्या पाण्याला हात लावावयाचा नाही, असा हा अलिखित करार आहे.

याच खडकाळ भागात एक विलक्षण वनस्पती आढळते. तिला पाने जवळजवळ नाहीतच. हिरव्या, सांधेदार काड्यांचा झुबका तेवढा दिसतो. काड्याच पानांचे काम करतात. ही एफेड्रा. दिसावयास गवतासारखी असली तरी ती गोत्राने चीड-देवदारांच्या जवळची, उघड्या बीजांच्या वनस्पतींपैकी आहे. दम्यावर दिले जाणारे एफेड्रिन हे औषध या वंशातील वनस्पतींतून प्रथम मिळाले. वेदांतील सोम तो हाच असावा, असे काही विद्वानांचे मत आहे, तथापि तो वाद मिटलेला नाही. मुंबईच्या पारशी बांधवांच्या धर्मविधीत मात्र याच वंशातल्या काड्या आजही वापरल्या जातात. वैदिक सोम आणि पारशांचा होम हे शब्द मुळात एकच. रस्त्याच्या कडेच्या एका निष्पर्ण झुबक्यापाशी उभे राहून माणूस कोठल्या कोठे जाऊन पोहोचतो!

पुढे फ्यांग गावाचा फाटा लागतो. येथपासून एक गोष्ट वारंवार दिसू लागते. डोंगराच्या एखाद्या घळीतून ओढा बाहेर पडतो आणि त्याने आणलेला गाळ घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरतो. नेमक्या त्या पंख्यावर गाव वसलेले असते. चोहीकडे पिवळा, करडा डोंगर आणि मध्ये हिरवा तुकडा. त्या हिरव्याची कडा इतकी रेखीव असते की एक पाय जवाच्या शेतात आणि दुसरा पाय वाळवंटात ठेवून उभे राहता येते. ही कडा म्हणजे पाटाची हद्द. पाट जेथपर्यंत पोहोचतो तेथपर्यंत जीवन.

हा पाट वर हिमनदीच्या मुखापासून काढलेला असतो. त्याला तेथे युरा म्हणतात, आणि पाणी साठवण्याच्या तळ्याला झिंग. कोणत्या शेताला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी द्यावयाचे हे ठरवणारा गावाने नेमलेला माणूस असतो, त्याचे नाव चुरपोन. आपल्या खानदेशातील पांझरेच्या काठची फड पद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चुरपोनची ओळख करून देण्याची गरज नाही. फडावरचा पाटकरी जे करतो तेच हा करतो. शेकडो मैलांच्या अंतरावरच्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन शेतकरी समाजांनी कमी पाणी वाटून घेण्याचा एकच मार्ग शोधून काढला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पाटाच्या कडेला दोन झाडे हटकून दिसतात. एक सरळसोट वाढणारे पॉपलर, ज्याला लडाखीत यारपा म्हणतात. दुसरे डोके छाटलेले, बुंध्यावर काड्यांचा भारा घेतलेले विलो, म्हणजे चांगमा. ही झाडे शोभेसाठी लावलेली नाहीत. पॉपलरच्या खोडांच्या तुळया होतात आणि विलोच्या काड्या त्यांवर पसरून, वर माती घालून घराचे छप्पर होते. मुलगा जन्मला की त्याच्या घरासाठी लागणारी झाडे तेव्हापासूनच वाढवावी लागतात, कारण जंगल येथे नाहीच. जे लावले तेवढेच मिळावयाचे.

निम्मूपाशी रस्ता एका कड्यावर येतो आणि खाली झंस्कार नदी सिंधूला मिळताना दिसते. दोन रंगांचे दोन प्रवाह काही अंतर शेजारी शेजारी वाहत जातात, आणि मग एक होतात. झंस्कार दक्षिणेकडून, ते उभे झालेले थर आरपार कापीत येते. तिच्या घळीच्या भिंतींत थरांच्या वळ्या आणि घड्या स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यात सिंधूपेक्षा ती अधिक पाणी आणते. सिंधूला लडाखी भाषेत सेंगे खबाब म्हणतात, म्हणजे सिंहाच्या मुखातून निघालेली. 'हिंदू' आणि 'इंडिया' ही दोन्ही नावे जिच्यापासून आली, ती ही नदी येथे दोन खंडांच्या शिवणीतून निमूटपणे वाहत असते.

नदीच्या काठी, पुराच्या गोट्यांत, जी दाट काटेरी झुडपे वाढतात त्यांना इंग्रजीवरून सीबकथॉर्न हे नाव पडले आहे. लडाखी लोक त्या झुडपाला त्सेरमांग म्हणतात. पाने वरून हिरवट आणि खालून चांदीसारखी. नर आणि मादी झुडपे वेगळी असतात आणि परागांची ने-आण वारा करतो. शरद ऋतूत मादी झुडपांच्या फांद्या नारिंगी रंगाच्या आंबट फळांनी लगडून जातात. या फळांत क जीवनसत्त्व विपुल असते. लेह येथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने त्यांपासून पेय तयार करण्याची रीत बसवली, त्यामुळे हे रानटी फळ आता बाजारात मानाने मिरवते. परंतु या झुडपाचे खरे मोल त्याच्या मुळांत आहे. मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन घेऊन जमिनीला देतात. नुसत्या गोट्यांत रुजून ते त्या गोट्यांची माती करते. शेतकरी त्याच्या वाळक्या फांद्या शेताच्या गडग्यांवर रचतात, म्हणजे गुरे आत शिरत नाहीत. काटा कुंपणाला, फळ पोटाला आणि मुळे जमिनीला. त्याच्याच शेजारी, ओल्या रेतीत, गुलाबी तुऱ्यांचे ओंबू नावाचे झुडूप उभे असते. ते आपल्या झाऊच्या कुळातले. पुराने कितीही वेळा आडवे केले तरी ते पुन्हा उभे राहते.

बासगो, सास्पोल, नुर्ला अशी गावे ओलांडीत आपण खाली उतरतो, तसतशी हवा किंचित सौम्य होत जाते आणि जर्दाळूची झाडे दिसू लागतात. लडाखीत जर्दाळूला चुली म्हणतात. वसंतात ही गावे फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात, आणि ऑगस्टात घरांच्या धाब्यांवर फळे वाळत घातलेली दिसतात. पांढऱ्या बीचा रक्त्से कार्पो हा येथला नामांकित वाण. रक्त्से म्हणजे बी आणि कार्पो म्हणजे पांढरी. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच्या बीतला गर बदामासारखा गोड असतो. शेताच्या बांधांवर जून-जुलैत रानगुलाबाची ताटवी फुललेली असतात. आणि अगदी कोरड्या, तापलेल्या उतारांवर जमिनीसरपट पसरलेली, मोठ्या पांढऱ्या फुलांची एक काटेरी वेल दिसते. तिला कबरा म्हणतात. तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. आषाढी द्वादशीला उपवास सोडताना आपल्याकडे ज्या वाघाट्याची भाजी करण्याची चाल आहे, ते वाघाटे आणि हा कबरा एकाच प्रजातीसमूहातले, म्हणजे जवळचे भाऊबंद. सह्याद्रीच्या झाडीतला भाऊ पावसात भिजतो आणि सिंधूकाठचा भाऊ कोरड्या दगडावर पाठ टाकून फुलतो.

या टापूतल्या मोठ्या शिळांचा रंग जवळजवळ काळा आहे. आत मात्र त्या फिकटच असतात. लोह आणि मँगनीज यांचा एक पातळ, चकचकीत लेप हजारो वर्षांत शिळेच्या अंगावर चढतो. वाळवंटाचे हे रोगण. प्राचीन माणसांनी दगडाने टोचून ते रोगण उडवले आणि खालच्या फिकट दगडावर चित्रे उमटवली. आल्चीजवळ आणि खाल्सेच्या पुलापाशी अशा शिळा आहेत. लांब, मागे वळलेल्या शिंगांचा रानबोकड, धनुष्य ताणलेला शिकारी, मागाहून आलेल्या काळातले स्तूप. लिपीच्या आधीचा हा इतिहास दगडाच्या कातडीवर लिहिलेला आहे. खेदाची गोष्ट अशी की पूल, रस्ते आणि घरे बांधण्याच्या कामी यांतल्या कित्येक शिळा फोडल्या गेल्या. फोडणाऱ्याला तो केवळ एक दगड होता.

खाल्से सोडल्यावर रस्ता सिंधू ओलांडून दक्षिणेच्या घळीत शिरतो. येथे आपण शिवण प्रत्यक्ष पार करतो. घळीच्या भिंतींत आता अनोळखी रंग दिसू लागतात. सापाच्या कातडीसारखा हिरवा, तुळतुळीत सर्पेंटाइन; विटेसारखा लाल, गारगोटीसारखा कठीण चर्ट; काळपट ज्वालामुखी खडक. हे टेथिस महासागराच्या तळाचे अवशेष आहेत. दोन खंड भिडताना तळाचा बहुतेक भाग खाली गेला आणि काही तुकडे चिमट्यात सापडावेत तसे वर राहिले. लाल चर्ट हा सूक्ष्म सागरी जीवांच्या सांगाड्यांचा साका होय. समुद्राच्या तळाशी जो चिखल अंधारात, कणाकणाने साचला, तो आज ३,००० मीटरहून अधिक उंचीवर भर उन्हात आपल्या वाहनाच्या खिडकीबाहेर उभा आहे. आणखी पुढचे काळपट, चुरगळलेले थर हे भारताच्या भूखंडाच्या उत्तर कडेवर, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेले. म्हणजे आपण आशिया सोडून भारतात आलो!

वळणे घेत रस्ता चढतो आणि लामायुरू येते. मठाच्या पायथ्याशी पिवळसर मातीचे सुळके, खाचा आणि सुरकुत्या यांचे एक आगळे जग पसरले आहे. प्रवासी त्याला चंद्रभूमी म्हणतात. हा सुमारे शंभर मीटर जाडीचा गाळ एका सरोवराचा आहे. हजारो वर्षांपूर्वी दरड कोसळून ओढा अडला, मागे पाणी तुंबले आणि दीर्घ काळ तेथे सरोवर राहिले. गाळात गोगलगायींचे शिंपले सापडतात. पुढे बांध फुटला आणि सरोवर रिते झाले. येथील लोककथा सांगते की या जागी सरोवर होते आणि महासिद्ध नारोपाने डोंगराला भेग पाडून ते वाहून जाऊ दिले. नारोपा अकराव्या शतकातला. शास्त्राने गोगलगायींच्या शिंपल्यांवरून जे ओळखले, ते लोकांनी गाळाकडे पाहून केव्हाच ओळखले होते. भूमी वाचण्याची विद्या एकट्या विद्यापीठांच्या मालकीची नाही.

त्यानंतर फोतु-ला. उंची सुमारे ४,१०० मीटर. वारा येथे क्षणभरही थांबत नाही. माणसाला धड उभे राहवत नाही, तेथे झाड कसे उभे राहावे? म्हणून येथल्या वनस्पतींनी उभे राहण्याचा हट्टच सोडला आहे. उतारांवर काटेरी, घट्ट विणीच्या गाद्या दिसतात. लांबून त्या दगडच वाटतात. उन्हाळ्यात त्यांवर नाजूक गुलाबी फुले येतात. गादीच्या आत वारा शिरत नाही, ऊब टिकते, वाऱ्याने आणलेली धूळ अडकते आणि तिची माती होते. अशी हातभर रुंदीची गादी वाढावयास कितीतरी वर्षे लागलेली असतात. तिच्यावर एकदा मोटारीचे चाक गेले की तो सारा काळ पुसला जातो.

श्रोतेहो, येथे मूळ मुद्द्यापाशी येतो. 'येथे काही नाही' हे वाक्य निरुपद्रवी नाही. ज्या जागी काही नाही असे आपण ठरवतो, तेथे काहीही करण्यास आपण मोकळे होतो. सरपणासाठी बुरत्से मुळासकट उपटली गेली आणि तिच्या मुळांनी धरून ठेवलेला उतार मोकळा झाला. जवळचा मार्ग म्हणून मोटारी रस्ता सोडून रेतीवरून धावल्या, आणि तो चाकोरीचा माग वर्षानुवर्षे बुजत नाही, कारण तो बुजवणारा पाऊसच नाही. गाळाच्या पंख्यांवर, ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत घरे उठली, कारण ती पात्रे रिकामी दिसत होती. २०१० च्या ऑगस्टातील ५ आणि ६ तारखांमधल्या रात्री लेहच्या परिसरात ढगफुटी झाली. जो उतार वर्षाला दहा सेंटिमीटर पाण्याला सरावलेला, त्यावर अल्पावधीत लोंढे कोसळले आणि चिखल व दगड खाली धावले. लेह, चोगलमसर आणि खोऱ्यातील इतर गावांत मिळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. ते पंखे ज्या ओढ्यांनी रचले होते, तेच ओढे त्या रात्री आपल्या जुन्या वाटेने आले. दगडांनी ही गोष्ट आधीच सांगून ठेवली होती.

दुसरीकडे माथ्यावरच्या हिमनद्या मागे हटत आहेत. पेरणीच्या वेळी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, पाट कोरडा राहण्याची चिंता अनेक गावांना आहे. तेथील लोक हात बांधून बसलेले नाहीत. छेवांग नोर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात फुकट वाहून जाणारे पाणी गावाजवळच्या सावलीतल्या घळीत अडवून, थरांथरांनी गोठवून ठेवण्याची युक्ती काढली. वसंतात ते बर्फ वितळून शेताला मिळते. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी नळातून उंच उडवून शंकूच्या आकारात गोठवण्याचा प्रयोग केला. फ्यांगच्या परिसरात असे हिमस्तूप उभारले गेले. हे उपाय मोठ्या यंत्रांचे नाहीत. पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोणाला केव्हा हवे असते, याच्या निरीक्षणातून ते सुचले आहेत.

आपल्यापैकी अनेकांना या रस्त्याने जाण्याचा योग येईल. तेव्हा दोनचार ठिकाणी वाहन रस्त्यावरच थांबवा. उजवीकडचा ग्रॅनाइट आणि डावीकडचे उभे थर एकदा नजरेने जोखा. राखी झुडपाचे एक पान चुरगाळून त्याचा वास घ्या, पण झुडूप उपटू नका. हिरवा तुकडा दिसला की डोळ्यांनी त्याचा पाट वर वर शोधीत जा, आणि तो ज्या बर्फापासून निघतो तो शुभ्र ठिपका सापडेपर्यंत थांबा. त्या ठिपक्याच्या भरवशावर खालचे सारे गाव उभे आहे, आणि तो ठिपका दर वर्षी थोडा लहान होत आहे.